राऊटरला क्विक-चेंज चक: घ्यायचा की नाही?

खडकीत छोट्या गाळ्यात फर्निचरचं काम सुरू करताय? मग राऊटरचं बिट बदलताना दर वेळी पाना शोधण्यात किती वेळ जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दिवसात १० वेळा बदललं आणि दर वेळी २ मिनिटं वाचली, तर २० मिनिटं झाली. आधी हा हिशोब वहीत मांडा. दोन-तीनदाच बदलत असाल, तर ते पैसे प्लायवूडला ठेवा.

घ्यायचाच असेल, तर बोहरी आळीत जाताना राऊटर सोबत न्या. कॉलेट आणि नट काढून त्या जागी हा चक स्पिंडलवर बसतो, म्हणजे आटे तंतोतंत जुळायला हवेत. मग बिटाची दांडी मोजा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, त्यात ६ मिमीचं बिट नकोच. ‘थोडं सैल आहे, चालतंय’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. २०,००० आरपीएमला सुटलेलं बिट कुठे जाईल, सांगता येत नाही. चकाचा कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल, तर सरळ परत द्या. बेसच्या भोकातून चक खाली जातो का, तेही दुकानातच बघा.

आणि हो, चक कितीही झटपट असला, तरी बिट बदलताना प्लग काढायचाच.