करवीरचीं बुजलेलीं तळीं व त्यांवरील मैदानें

कोल्हापुरांत वरुणतीर्थ वेस हें नांव अद्याप चालू आहे. वरुणतीर्थ मात्र दिसत नाहीं. तें तळें बुजवून त्या जागीं जें मैदान झालें तेंच आजचें गांधी मैदान. मोठा पाऊस झाला म्हणजे तेथें पाणी सांचतें व मैदान तुंबल्याची तक्रार सुरू होते. वस्तुतः पाणी आपल्या जुन्या जागींच येत असतें.

शाहू स्टेडियमची कथा अशीच आहे. तेथें रावणेश्वराचें तळें होतें. देऊळ जवळच आहे. कपिलतीर्थावर मंडई बसली, तरी कपिलेश्वरामुळें स्थान ओळखतां येतें. कोटितीर्थ व रंकाळा हीं राहिलीं. रंकाळ्यांतील संध्यामठ पाणी चढलें म्हणजे बुडतो व उन्हाळ्यांत उघडा पडतो. तळ्याच्या चढउताराची याहून सोपी खूण नाहीं. शहराच्या दक्षिणेकडील पावसाचें पाणी कळंब्याच्या तळ्यांत सांठवून उतारानें गांवांत आणीत. ‘पाण्याचा खजिना’ हें स्थलनाम त्याच व्यवस्थेंतील होय, व त्यांत पाण्याची किंमतहि आली.

आतां थोडा हिशेब. एक हेक्टर मैदानावर १००० मिलिमीटर पाऊस पडल्यास १ कोटि लिटर पाणी होतें. मुरणारें व वाफ होणारें वजा केलें तरी उरतें तें थोडें नव्हे. कडेनें चर, चराच्या तोंडाशीं गाळ बसण्यास कुंड व पुढें झांकलेलें टांकें, एवढ्यानें हें पाणी धरतां येईल आणि उन्हाळ्यांत हिरवळीस, धूळ बसविण्यास व बागेंतील झाडांस देतां येईल. परंतु बुजलेल्या तळ्यावर खणण्यापूर्वीं पाणी कोणत्या अंगानें येत होतें, सांडवा कोठें होता, खालीं दगडी बांधकाम आहे काय, हें समजणें अवश्य आहे. अंदाजानें खणल्यास जुना घाट फुटावयाचा व टांकेंहि कोरडें राहावयाचें.

मेजर ग्रॅहॅम यांचा १८५४ चा कोल्हापूर संस्थानावरील अहवाल व १८८६ चें मुंबई सरकारचें गॅझेटियर हे ग्रंथ शहराच्या सामान्य वर्णनास उपयोगी आहेत. एका सांडव्याची दिशा शोधावयाची तर साधे मोडी कागदच पाहिले पाहिजेत. खरेदीखतांत व वांटणीपत्रांत चतुःसीमा लिहिलेली असते. ‘पूर्वेस तळें’, ‘दक्षिणेस पाण्याची वाट’ असे दोन शब्द चार घरांच्या कागदांत जुळले, म्हणजे तळ्याची कड नकाशावर उतरवितां येते. गाळ काढल्याचा किंवा पायऱ्यांच्या डागडुजीचा खर्चहि तितकाच बोलका असतो. संग्राहक सनद जपतात आणि असले फुटकळ कागद रद्दींत घालतात. प्रस्तुत लेखकहि या दोषांतून मुक्त नाहीं.

वरुणतीर्थ, रावणेश्वर व कपिलतीर्थ यांच्या आसपासच्या घरांतील असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं निदान चतुःसीमेचा मजकूर व कागदाची मिति यांची नक्कल करून ठेवावी. मूळ कागद वाळवीनें खाल्ला असेल तर उरलेल्या ओळी, त्यांतील खाडाखोडीसुद्धां, जशाच्या तशा उतराव्या.