बरी न होणारी चामखीळ : त्वचा आणि मेंदूतील दुर्मिळ बुरशी संसर्ग

केळव्याच्या वाड्यांत काम करताना काटा टोचणे, फांदीने खरचटणे हे रोजचेच. बहुतेक जखमा लवकर भरतात. पण त्याच जागी काही महिन्यांनी चामखिळीसारखी गाठ आली, ती हळूहळू पसरू लागली आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसले, तर तो ‘क्रोमोब्लास्टोमायकोसिस’ असू शकतो.

हा आजार कसा होतो?
माती, कुजके लाकूड व पालापाचोळा यांत वाढणारी गडद रंगाची बुरशी जखमेतून त्वचेत शिरते. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. २०२१ मध्ये गाजलेला म्युकरमायकोसिस वेगळा. त्याची बुरशी व उपचारही वेगळे.

निदान कसे होते?
डॉक्टर काळ्या ठिपक्यांची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात तांबूस-तपकिरी गोल पेशी दिसल्यास निदान होते. बायोप्सी करायची असल्यास कल्चरबद्दल आवर्जून विचारा. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते, म्हणून कल्चरसाठीचा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो. कल्चरला चार ते सहा आठवडे लागू शकतात.

उपचार काय?
लहान गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. पसरलेल्या आजारात इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन अनेक महिने, कधी वर्षभरही घ्यावे लागते. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्याव्यात. हृदयविकार, यकृताचा आजार किंवा ॲसिडिटी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा. बरे वाटले तरी औषध स्वतःहून थांबवू नका. स्टिरॉइड असलेली मलमे मनाने लावू नका. त्यांनी संसर्ग वाढतो.

मेंदूला धोका असतो का?
त्वचेचा हा संसर्ग मेंदूत जाणे अत्यंत दुर्मिळ आहे. मात्र ‘क्लॅडोफियालोफोरा बॅन्टियाना’ ही गडद बुरशी, बहुधा श्वासावाटे शिरून, मेंदूत गळू करू शकते. कधी धडधाकट माणसातही. एमआरआयमध्ये ते क्षयाची गाठ किंवा ट्यूमरसारखे दिसू शकते. म्हणून गळूतील पू किंवा ऊती तपासल्याशिवाय खात्री होत नाही. शस्त्रक्रिया आणि बुरशीविरोधी औषधे दोन्ही लागतात. उपचार करूनही हा आजार जिवावर बेतू शकतो, म्हणून उशीर नको.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
महिनाभरात न भरलेली जखम किंवा वाढणारी गाठ पालघर-बोईसरमधील त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि काटा केव्हा टोचला होता तेही सांगा. वाढती डोकेदुखी व उलट्या, फिट, एका बाजूचा अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणे दिसल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. वाडीत बूट व हातमोजे वापरा आणि जखम लगेच साबण-पाण्याने धुवा.