जुनी नाव पुन्हा पाण्यात उतरते तेव्हा

आमच्या रायपूरला समुद्र नाही, तरी आज चौबे कॉलनीत बसून आपण जहाजांविषयी बोलणार आहोत. प्रश्न साधा आहे. वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केलेली लाकडी नाव पाण्यात सोडली की पहिल्याच दिवशी गळते. मग काम कच्चं झालं का?

नाही. पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं, तोच हा प्रकार. नाव जमिनीवर असताना लाकूड सुकून आकसतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. कारागीर त्या फटींत कापसाची किंवा तागाची वात ठासतात आणि वर लांबी भरतात. पण फार गच्च ठासून चालत नाही. नाव पाण्यात गेली की फळ्या फुगतात. फुगायला जागाच नसेल, तर आतल्या बरगड्यांवर ताण येऊन त्या तडकतात. म्हणून जाणकार लोक थोडी गळती गृहीत धरतात. आधी काही दिवस ओली पोती लावून लाकूड भिजवतात, पंप तयार ठेवतात आणि पहिली रात्र नाव पट्ट्यांवर तोलून ठेवतात.

दुसरी गोष्ट आकाराची. जमिनीवर नावेचा भार ठरावीक टेकूंवर असतो, पाण्यात तो तळभर पसरतो. त्यामुळे सांगाडा किंचित हलतो. इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत ना, हे पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावंच लागतं.

आता आपल्या मुंबईचं उदाहरण घेऊ. जमशेदजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. तळाच्या मुख्य तुळईत पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. पुढे १८९७ मध्ये ती विकली गेली आणि 'फूद्रोयाँ' या नावाने १९८६ पर्यंत मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरात राहिली. मग इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तिची दुरुस्ती सुरू झाली आणि १९९० ते २००१ अशी ११ वर्षं चालली. आज ती तिथे पाण्यावर तरंगते आहे. सागवान टिकाऊ होतं हे खरं, पण ते सांभाळणारी माणसंही भेटली.

याउलट १९७१च्या युद्धात लढलेली आपली पहिली 'विक्रांत' पाहा. ती लाकडी नव्हे, पोलादी. मुंबईत संग्रहालय म्हणून ती उभी होती. २०१४ मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती मोडीत निघाली. फौजेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे आजही बोचतं.

फरक सामग्रीचा नाही, जबाबदारीचा आहे. नाव पाण्यात उतरवली की काम संपत नाही. दरवर्षी फळ्या तपासणं, रंग, फटी भरणं, आणि त्यासाठी पैसा, हे सगळं तिथूनच सुरू होतं. तुमच्या गावी एखादी जुनी होडी, तोफ किंवा वाडा दुरुस्त होणार असेल, तर उद्घाटन कधी, हे नंतर विचारा. आधी विचारा, पुढच्या वीस वर्षांचा खर्च कोण करणार?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.