वरच्या मजल्यावरचें पाणी

दहा-बारा माणसांच्या कुटुंबांत सकाळीं सहापासून साडेआठपर्यंतचा वेळ कसा जातो, हें वाचकांस निराळें सांगावयास नकोच. एकाची पूजा, दुसऱ्याची कचेरी, मुलांची शाळा, आणि या सर्वांच्या आधीं स्नानगृह व संडास यांच्या दारांशीं लागणारी रांग! आमच्या यवतमाळच्या घरीं मातोश्रींचे गुडघे दुखूं लागल्यामुळें वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीला लागून कमोडचा संडास बांधला. फरशी उत्तम, भांडें उत्तम. पण साखळीच्या जागीं आलेली ती खटकी दाबली, कीं पाणी कसेंबसें येई आणि भांडें स्वच्छ होत नसे. सूनबाई बिचाऱ्या खालून बादल्या आणून ओतीत. याचा परिणाम आमच्या ध्यानांत फार उशिरां आला. आपल्यामुळें घरच्या लेकीसुनांना श्रम पडतात, या संकोचानें मातोश्रींनीं पाणी पिणेंच कमी केलें होतें. डॉक्टरांनीं त्यांची कोरडी जीभ पाहून प्रश्न विचारला, तेव्हां हें कळलें. नळदुरुस्तीसारख्या रुक्ष विषयावर लिहिण्याचें कारण एवढेंच.

एका कारागिरानें दाब वाढविणारा पंप बसवावा असें सांगितलें. खर्च कांहीं हजारांचा. तो करण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें पाहावें असें मीं ठरविलें, व तें बरें झालें. कारण पंप बसविला असता तरी मूळ दोष तसाच राहिला असता.

प्रथम दाब म्हणजे काय तें पाहूं. गच्चीवरच्या टाकींतील पाण्याचा जोर टाकीच्या आकारावर नसून उंचीवर अवलंबून असतो. दर दहा मीटर उंचीमागें चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलो दाब मिळतो. आमची टाकी थेट गच्चीवर ठेवलेली. तिच्या तळापासून वरच्या मजल्याची तोटी अवघी दीड मीटर खालीं, म्हणजे दाब किलोच्या सातव्या हिश्श्याइतका. तळमजल्यावर साडेचार मीटरांचें अंतर पडतें, म्हणून तेथें धार त्याच टाकींतून तिप्पट दाबानें येते. टाकीखालीं एक मीटरचा ओटा बांधला तरी वरच्या मजल्याचा दाब जवळजवळ पावणेदोन पट होतो. नळाच्या व्यासाचें महत्त्वही असेंच मोठें आहे. व्यास दुप्पट केला तर त्याच उंचीवरून पाणी दुप्पट नव्हे, पांचपटींहून अधिक वाहतें. लांबच लांब अर्ध्या इंची नळ टाकून काटकसर केली असें मानणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

दोष शोधण्याची रीत साधी आहे. घरांतील सर्व तोट्या मंद असतील तर दोष टाकीपाशीं: बाहेर पडणाऱ्या नळावरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद, तळाशीं गाळ, अथवा नळांत अडकलेली हवा. एकच तोटी मंद असेल तर तिच्या तोंडाची जाळी काढून पाहावी. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यांतील चुन्याचे क्षार तीवर पांढऱ्या पापुद्र्यासारखे बसतात. आमच्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकांतील पाणी पुष्कळ ठिकाणीं कठीण असतें, हें डाळ शिजवणाऱ्या गृहिणींस ठाऊक आहेच.

हवेचा दोष यवतमाळकरांच्या विशेष परिचयाचा. हें शहर पठारावर वसलेलें. निळोणा व चापडोह या धरणांवर त्याची तहान वर्षानुवर्षें भागत आली. २०१८ च्या उन्हाळ्यांत ही धरणें आटलीं, नळ कित्येक दिवसांच्या अंतरानें येऊं लागले, आणि घरोघर टँकरचा हिशेब चालला. बाभुळगांव तालुक्यांतील बेंबळा धरणावरून शहरासाठीं जलवाहिनीची योजनाही हातीं घेण्यांत आली. टाकी रिकामी झाली कीं नळांत हवा शिरते, आणि नळाला मध्यें कोठें कमानीसारखा उंचवटा असेल तर ती तेथेंच कोंडून राहते. मग टाकी भरली तरी तोटी नुसती फुरफुरते. अशा वेळीं सर्वांत खालची तोटी पूर्ण उघडून ठेवावी. टाकीच्या बाहेरच्या नळाला उभी, उघड्या तोंडाची हवानळी बसविली तर हा त्रास पुन्हां सहसा होत नाहीं. मात्र सार्वजनिक नळास टिल्लू पंप जोडून पाणी ओढणें हा उपाय नव्हे. तो अपराध तर आहेच. शिवाय फुटक्या जोडांतून गटाराचें पाणी नळांत ओढलें जातें, तें आपल्याच घरीं आणि शेजाऱ्याच्याही.

आतां संडासाकडे वळूं. येथें बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. भांडें धुणारें पाणी नळाच्या दाबानें येत नाहीं; तें मागच्या लहान टाकींतून स्वतःच्या वजनानें एकदम कोसळतें. नळाचा दाब कमी असला तर ती टाकी भरण्यास वेळ लागतो, एवढेंच. म्हणून प्रथम बादलीची परीक्षा करावी. पाऊण बादली पाणी भांड्यांत एकदम ओतावें. तें झटकन निघून गेलें तर भांडें व पुढचा नळ मोकळा आहे, दोष टाकींत समजावा; पाणी वर चढून सावकाश उतरलें तर अडथळा पुढें आहे.

आमच्याकडे पाणी झटकन गेलें. मग घड्याळ लावून पाहिलें, तों दहा लिटरांची ती टाकी भरण्यास चौदा मिनिटें लागत होतीं! सकाळच्या रांगेंत दुसरा माणूस पांच मिनिटांत जाई आणि अर्ध्या टाकीवर खटकी दाबी. आंतली तरंगत्या गोळ्याची तोटी जास्त दाबासाठीं बनविलेली, बारीक छिद्राची होती. कमी दाबाची बसविली, जाळी धुतली, कोनाची तोटी पूर्ण उघडली. आतां चार मिनिटें लागतात. भांड्याच्या कडेखालचीं छिद्रें क्षारांनीं बुजलीं होतीं. लिंबूसत्व कोमट पाण्यांत विरघळवून रात्रभर लावून ठेवलें आणि सकाळीं काडीनें टोकरलें. (आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधींही एकत्र करूं नये, विषारी वायु निघतो.)

गळतीसाठीं एक युक्ति सांगतों. रात्रीं टाकींत कपड्यांची थोडी नीळ टाकून अर्धा तास खटकीस हात लावूं नये. भांड्यांतलें पाणी निळें झालें तर खालचें रबर झिजलें आहे. त्याची किंमत क्षुल्लक. गळणारें पाणी मात्र दिवसाकांठीं कित्येक बादल्या. दहा माणसांच्या घरीं प्रत्येकानें चार वेळां दहा लिटर म्हटलें तर चारशें लिटर होतात. सहा लिटरांच्या टाकीनें तेंच काम दोनशें चाळिसांत भागतें. २०१८ सालीं हा हिशेब आम्हांस कोणी सांगितला असता तर!

बादलीचें पाणी वर चढत असेल तर मैलाटाकी भरली आहे काय व तिची हवानळी चोंदली आहे काय हें पाहावें. दोन-तीन वर्षांनीं ती यंत्रानें उपसून घ्यावी. कोणाही माणसास तींत उतरवूं नये. आंतल्या वायूनें क्षणांत प्राण जातो, आणि २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांशिवाय असें करविणें गुन्हा आहे. उतरणारा कोण असतो आणि उतरविणारा कोण, हें आपल्या घरांनीं पिढ्यानुपिढ्या न पाहिल्यासारखें केलें. आमच्या वाड्यांतही मागल्या अंगणाकडून वेगळी वाट होती, ती कशासाठीं हें मीं लहानपणीं कधीं विचारलें नाहीं.

मातोश्रींच्या उशाशीं आतां तांब्या-भांडें असतें आणि संध्याकाळपर्यंत तें दोनदां भरावें लागतें. खालच्या स्वयंपाकघरांतला एक नळ अजून मंद आहे. तो जुना, अर्ध्या इंची, भिंतींत पुरलेला. दिवाळीला रंग देण्यापूर्वीं भिंत फोडावी कीं वरून नवा नळ फिरवावा, यावर घरांत मतभेद चालू आहे.