गुडघे दुखतात? सायकलच्या क्रँकचं माप पाहिलंत का?

ब्लाउज शिवायला टाकताना आपण किती मापं देतो! छाती, कंबर, बाही, गळा, वर आणि 'मागच्या वेळी मुंढ्यात घट्ट झाला होता हं' ही सूचनाही देतो. सायकल घेताना मात्र रंग, बास्केट, कॅरिअर एवढं बघतो, फार तर चाक चोवीस इंची की सव्वीस, हे विचारतो. मग वर्षभरात सायकल जिन्याखाली जाते. विचारलं की उत्तर ठरलेलं, ''गुडघे धरतात हो, वय झालं आता.'' वय म्हणजे काय, तर अडतीस! माझ्या शिकवणीला येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीनंही गुडघ्याचीच तक्रार केली, तेव्हा मात्र वयाचं कारण काही चालेना.

मैत्रिणींनो, सायकलीचं एक माप असं आहे की ते दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. ते म्हणजे क्रँकची लांबी. पायडल ज्या लोखंडी दांडीच्या टोकाला बसवलेलं असतं, ती दांडी म्हणजे क्रँक. मधल्या आसाच्या केंद्रापासून पायडलच्या आसाच्या केंद्रापर्यंत जेवढं अंतर, तेवढी त्याची लांबी. मोठ्या माणसांच्या बहुतेक सायकलींना हे माप १६५ ते १७५ मिलिमीटर असतं, त्यातही १७० फार. पुष्कळदा क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलजवळ आकडा कोरलेला असतो. चिखल पुसून बघा, दिसेल. नाही दिसला तर शिवणाची टेप आहेच.

आता गंमत अशी, की हे १७० मिलिमीटर पावणेसहा फुटी माणसालाही आणि पाच फुटी बाईलाही. पायांच्या लांबीच्या साधारण एकपंचमांश क्रँक असावा, असा एक ढोबळ हिशोब आहे. ही लांबी मोजायची ती अशी : भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत सरकवायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने घ्यायचं. उंच पुरुषाचं हे माप ८५ सेंटिमीटर आलं, तर एकपंचमांश म्हणजे बरोबर १७० मिलिमीटर. पाच फुटी बाईचं ७० च्या आसपास येतं, म्हणजे तिला १४० पुरे! तिनं १७० चा क्रँक फिरवणं म्हणजे त्या उंच गृहस्थांनी २०६ मिलिमीटरचा क्रँक फिरवण्यासारखं आहे. त्यांना तसली सायकल द्या, आणि बघा आठवड्यात गुडघ्याला तेल चोळत बसतात की नाही! अर्थात हा हिशोब म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पाच-दहा मिलिमीटर इकडचे तिकडे झाले, तरी शरीर सांभाळून घेतं. पण तीस मिलिमीटरचा फरक त्याला कळल्याशिवाय राहत नाही.

होतं काय, तर पाऊल ज्या वर्तुळात फिरतं त्याचा व्यास क्रँकच्या दुप्पट असतो. १७० चा क्रँक पाऊल ३४० मिलिमीटर वर उचलायला लावतो, १५० चा ३००. शिवाय क्रँक आखूड झाला की खाली पाय पुरेसा लांबवता यावा म्हणून सीट तेवढीच वर घेता येते. म्हणजे क्रँक वीसने कमी केला, तर पायडल सगळ्यात वर असताना गुडघ्याला चाळीस मिलिमीटर, चांगली दोन बोटं मोकळी मिळतात. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या, तर वीस मिनिटांच्या रस्त्यात एकेक गुडघा बाराशे वेळा वाकतो. फार वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटीमागे दाब वाढतो. बाराशे वेळा तो दाब सोसायचा की थोडा कमी वाकून काम भागवायचं, हा साधा प्रश्न आहे.

आणखी एक फायदा, जो पुरुषांच्या ध्यानात यायचा नाही. गुडघा कमी वर येतो म्हणून साडी किंवा कुर्ता वर सरकत नाही, हँडलच्या बास्केटवर गुडघा आपटत नाही. बाळंतपणानंतर पोट सुटलेलं असेल, तर मांडी पोटाला लागून दम कोंडल्यासारखं होतं, तेही कमी होतं.

पण थांबा, लगेच क्रँक बदलायला धावू नका. आधी सीटची उंची बघा, कारण निम्मी दुखणी तिथेच असतात. भिंतीला धरून सायकलवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, मात्र त्यासाठी कंबर एका बाजूला झुकायला नको. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्याला हवा तेवढा वाक राहतो. आपण बायका दोन्ही पावलं जमिनीला पुरती टेकावीत म्हणून सीट पार खाली करून घेतो. भीती असते, समजते. पण त्यानं गुडघा जन्मभर दुमडलेलाच राहतो. त्यापेक्षा थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय करावी, मोकळ्या मैदानात चार दिवसांत जमते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा फार वर. गुडघा सुजत असेल, किंवा सायकल नसतानाही ठणकत असेल, तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावं.

सीट नीट केली आणि तरीही पायडल वर आलं की गुडघा छातीकडे येतो, कंबर डुलते, तो क्षण अडखळल्यासारखा जातो, असं असेल तर समजा, क्रँक लांब आहे.

इथे सायकलवाल्याची हरकत ठरलेली. ''ताई, क्रँक छोटा केला तर जोर जास्त लागेल, पळणार नाही सायकल.'' त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. विहिरीचा रहाट घ्या, हात जितका लांब तितका जोर कमी. पण लांब दांडीला हात फिरवावाही लागतो जास्त. अमेरिकेत जेम्स मार्टिन आणि वॅनीन स्पिरडुसो या संशोधकांनी २००१ साली सोळा तयार सायकलपटूंना १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतच्या पाच क्रँकवर जीव तोडून पायडल मारायला लावलं. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबीत ताकदीचा फरक निघाला अवघा चार टक्क्यांच्या आसपास! १४५ आणि १७० हे दोन्ही पुढे होते, अगदी टोकाची दोन मापं मागे. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार २०२४ साली टूर द फ्रान्स जिंकला तो १६५ च्या क्रँकवर, आणि तो काही ठेंगणा नाही. आपल्याला भाजी आणायची आहे, आल्प्स चढायचा नाही. तेव्हा ताकद जाईल ही काळजी सोडावी.

जोर थोडा जास्त लागतो, त्यावर उपाय आहे. गिअरची सायकल असेल तर एक गिअर हलका टाकायचा, झालं. बिनगिअरची असेल तर मागच्या चाकाचं फ्रीव्हील बदलून घ्यावं. अठरा दात्यांच्या जागी वीस दात्यांचं घातलं की पायडल सुमारे दहा टक्के हलकं होतं. १७० वरून १५५ वर आल्यानं जे नऊ टक्के गमावलं ते यात भरून निघतं. पाय थोडे भरभर फिरतात, इतकंच.

मुलींच्या बाबतीत तर हे फारच पाहायला हवं. दादाची सायकल ताईला, ताईची धाकटीला, किंवा शाळेतून योजनेत मिळालेली सायकल आठवी ते बारावी तीच. फ्रॉक वाढत्या अंगाचा घ्यावा, क्रँक घेऊ नये. त्या आठवीतल्या मुलीची सीट आधी वर केली, तिनं थोडं बरं वाटलं. मग तिच्या आईनं चोवीस इंची मुलांच्या सायकलीचे, १५२ मिलिमीटरचे क्रँक बसवून घेतले. आता ती पुलाचा चढ न उतरता चढते.

बदलून घेताना काही गोष्टी लक्षात असू द्या. क्रँक नेहमी जोडीनेच बदलायचे, एक आखूड आणि एक लांब असं कधीही नाही. उजव्या क्रँकला पुढचं दातेरी चाक जोडलेलं असतं, त्यामुळे तो बहुधा चाकासकटच येतो. त्याचे दाते जुन्याइतकेच आहेत ना, ते मोजून घ्या. जुन्या पद्धतीच्या सायकलीत क्रँक कॉटर पिनने अडकवलेला असतो, ती ठोकून काढतात. नव्या धाटणीच्या सायकलीत तो ओढून काढायचं वेगळं हत्यार लागतं, ते नसेल तर कारागिराला हातोडा चालवू देऊ नका. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बदलून झाल्यावर जितका क्रँक आखूड झाला तितकीच सीट वर घ्यायची, हे तिथेच उभं राहून करून घ्या, घरी आल्यावर राहून जातं. पहिले चार-सहा दिवस पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात. आठवडाभर चालवून मगच मत बनवा, आणि जुने क्रँक मात्र दुकानात ठेवून येऊ नका, धाकट्या भावजींची सायकल कधी ना कधी मोडतेच.