दुचाकीची निगा, लेखांक ६ : चेनला तेल कोणते?

मोटरसायकलच्या चेनमध्ये शंभराहून अधिक सांधे असतात. प्रत्येक सांध्यात एक पिन पोकळ बुशमध्ये वळते, बुशवर बाहेरून रोलर फिरतो आणि दोन्ही बाजूंच्या प्लेटा हे सगळे धरून ठेवतात. मूळचा स्विस असलेला अभियंता हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टरमध्ये ही रचना केली. आजही शंभर सीसीच्या गाडीपासून मोठ्या टूरिंग गाडीपर्यंत तीच चालते. तेल कोणते घालावे याचा विचार या सांध्यापासूनच सुरू करावा लागतो. तेलाची खरी गरज पिन आणि बुश यांच्यामध्ये असते, त्याखालोखाल बुश आणि रोलर यांच्यामध्ये. प्लेटांना बाहेरून गंज चढला नाही म्हणजे झाले. बाहेरून तेलाने चमकणारी चेन आतून ठणठणीत कोरडी असू शकते.

सांध्यावर किती काम पडते, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात, मागच्याला ४२, चेनला ११६ कड्या आणि मागच्या चाकाचा परीघ १.९ मीटर धरला, तर एका किलोमीटरमध्ये चेन सुमारे १९० फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत एकेक सांधा चारदा हलतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना आणि तसेच मागच्यावर. म्हणजे किलोमीटरमागे साडेसातशेहून जास्त वेळा. पुढचे वळण जवळजवळ २६ अंशांचे, तर मागचे ९ अंशांपेक्षा कमी. त्यामुळे बरीचशी झीज पुढच्या लहान स्प्रॉकेटपाशी होते, आणि तीही चेनवर इंजिनाची पूर्ण ओढ असताना.

शिवाय पिन बुशमध्ये पूर्ण फिरत नाही. थोडी वळते, थांबते, परत येते. क्रँकच्या बेअरिंगमध्ये सततच्या फिरण्याने तेलाचा दाब तयार होतो आणि धातू धातूपासून अलग राहतो. चेनच्या सांध्यात तेवढी सवडच नसते. तिथे भिस्त असते ती धातूला धरून राहणाऱ्या अगदी पातळ थरावर आणि त्या थरातल्या रसायनांवर. शिवणयंत्राचे किंवा तसेच दुसरे पातळ तेल घातल्यावर चेनचा आवाज तासाभरापुरता बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो, त्याचे कारण हेच.

हा थर नाहीसा झाला की पिन आणि बुश एकमेकांना खातात. चेन लांब झाली म्हणजे प्लेटा ताणल्या गेल्या, असा समज आहे. प्लेटा जवळजवळ तशाच राहतात. ११६ कड्यांच्या, १२.७ मिलिमीटर पिचच्या (म्हणजे लगतच्या दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनमध्ये प्रत्येक सांधा जेमतेम ०.१३ मिलिमीटर झिजला, तर सगळ्यांचे मिळून १५ मिलिमीटर होतात, म्हणजे एक टक्का. एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान बहुतेक चेन बाद धरल्या जातात. एवढ्या बारीक झिजेवर चेनचे आयुष्य ठरते. ही झीज डोळ्यांनीही ओळखता येते: पिनेच्या टोकापाशी, आतल्या आणि बाहेरच्या प्लेटेच्या फटीत, वीटकरी रंगाची बारीक भुकटी दिसते. कोरड्या सांध्यात घासून निघालेल्या आणि गंजलेल्या लोखंडाची ती पूड असते. अशी भुकटी दिसणाऱ्या चेनला वरून कितीही तेल फासलेले असो, ते आत गेलेले नाही.

आता चेनचे प्रकार. रोजच्या वापराच्या १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना साधी, उघड्या सांध्यांची चेन असते. जास्त ताकदीच्या बऱ्याच गाड्यांना ओ-रिंगची किंवा एक्स-रिंगची चेन येते. आतल्या आणि बाहेरच्या प्लेटांच्या फटीत अगदी जवळून पाहिले की रबराच्या काळ्या कडा दिसतात. दिसल्या तर चेन सीलबंद आहे. तिच्या पिन-बुशमधले ग्रीस कारखान्यातच भरलेले असते आणि रबरी रिंगा ते आत धरून ठेवतात. बाहेरून घातलेले तेल त्या ग्रीसपर्यंत पोहोचत नाही, पोहोचण्याची गरजही नसते. तरीही सीलबंद चेनला तेल लागते. रोलर आणि बुश यांच्यामध्ये रिंग नसते, रोलर दातांवर आदळतात आणि कोरडे पडलेले रबर प्लेटांवर घासून फाटते. एकदा रिंग फाटली की तो सांधा गेला. आतले ग्रीस पुन्हा भरण्याची सोय नाही.

साध्या चेनला तेल आत शिरले पाहिजे, सीलबंद चेनला रबर खराब न करता बाहेर टिकले पाहिजे. निवडीचा पहिला निकष हा.

दोन्हींना चालणारे आणि सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे ९० नंबरचे गिअर ऑइल, किंवा ८०डब्ल्यू-९०. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हेच सांगितलेले असते. ९० हा आकडा पाहून ते डांबरासारखे दाट असेल असे वाटते, पण गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ९० नंबरचे गिअर ऑइल दाटपणात साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढेच असते. म्हणूनच ते सांध्यात शिरू शकते. त्याचे खरे बळ त्यातल्या गंधक आणि फॉस्फरस यांच्या संयुगांत आहे. तेलाला येणारा तो उग्र वास मुख्यतः त्यांचाच. जास्त दाबाखाली, जिथे तेलाचा थर फाटतो तिथे, ही संयुगे पोलादाशी संयोग पावून संरक्षक थर तयार करतात. गंधकाची काही संयुगे पितळ-ब्राँझला त्रास देतात, पण चेनमध्ये पोलादच असते, तेव्हा तिथे ही अडचण नाही.

खर्चही किरकोळ आहे. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब धरला तर ११६ कड्यांना दहा मिलिलिटरच्या आसपास तेल लागते. एका लिटरच्या डब्यात शंभर वेळा चेन वंगणता येते.

गिअर ऑइलचा दोष एकच, ते उडते. वरच्याच उदाहरणातल्या गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असताना चेन सेकंदाला सुमारे ४.७ मीटर धावते, आणि पुढच्या स्प्रॉकेटवरून वळताना प्रत्येक थेंबाला गुरुत्वाकर्षणाच्या ७५ पटींहून जास्त जोराने बाहेर फेकले जाते. मागची रिम आणि नंबरप्लेट काळी होते ती त्यामुळे. पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाड्यांत ही तक्रार येत नाही. कव्हर धूळही बरीच अडवते, आणि लोक त्याला कुरूप म्हणून काढून टाकतात हे खेदाचे आहे. फक्त, कव्हरमुळे चेन नजरेआड होते आणि तळाशी जुने तेल व माती यांचा चिखल साठतो. सर्व्हिसिंगच्या वेळी कव्हर उघडून तो खरवडून काढायला सांगावे.

गॅरेजात ऑइल बदलताना काढलेले जळके ऑइल चेनवर ओतण्याची पद्धत सर्रास आहे. ते फुकट असते एवढाच त्याचा गुण. त्यात ज्वलनाची काजळी, आम्लधर्मी घटक आणि धातूचे बारीक कण असतात. बहुतेक मोटरसायकलींत क्लचही त्याच तेलात बुडालेला असल्याने क्लच प्लेटची झिजलेली भुकटीही त्यात येते. ज्या सांध्याची झीज शतांश मिलिमीटरमध्ये मोजायची, त्यात असे तेल घालणे म्हणजे घासण्याचे द्रव्यच घालणे. नवे इंजिन ऑइल मात्र चालते, लवकर उडून जाते इतकेच.

बेअरिंगला लावतात ते ग्रीस चेनवर वरून फासण्यात काहीच हशील नाही. ते आत शिरत नाही आणि बाहेर धूळ धरून ठेवते. ग्रीस आत घालायचे तर पातळ करावे लागते. ब्रिटनमध्ये एकेकाळी ‘लिंकलाइफ’ नावाच्या ग्रॅफाइटयुक्त ग्रीसचा पसरट डबा मिळे. चेन काढून, धुऊन त्यात ठेवायची, डबा मंद आचेवर तापवायचा, ग्रीस वितळून सांध्यांत उतरले की चेन बाहेर काढून निथळत टांगायची. साध्या चेनसाठी ही रीत उत्तमच होती. सीलबंद चेन मात्र असे तापवू नये, रिंगा खराब होतील.

डब्यातले चेन स्प्रे म्हणजे चिकट वंगण आणि ते पातळ करणारे द्रावक. फवारताना पातळ असल्याने ते फटींत शिरते, मग द्रावक उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. त्यामुळे स्प्रे मारून लगेच गाडी काढली तर निम्मा स्प्रे रस्त्यावर जातो. निदान अर्धा तास, जमल्यास रात्रभर थांबावे. सीलबंद चेनसाठी डब्यावर ओ-रिंगला चालत असल्याचा उल्लेख आहे का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. मेणावर आधारलेले स्प्रे वाळल्यावर हाताला कोरडे लागतात आणि त्यांना धूळ कमी चिकटते, पण तेल बाजूला सरले तर परत वाहून येते, मेण येत नाही. ते लवकर लवकर मारावे लागते.

डब्ल्यूडी-४० चे नाव हमखास निघते. हे द्रव्य १९५३ साली सॅन दिएगोत तयार झाले ते पाणी हटवण्यासाठी. भिजलेल्या चेनमधले पाणी घालवायला आणि जुना मळ सुटा करायला ते चांगले आहे. त्यानंतर वंगण वेगळे घालावे लागते.

दुसरा निकष रस्त्याचा. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या मातीच्या रस्त्यांवर किंवा ऊस वाहतुकीने फुटलेल्या रस्त्यांवर चिकट स्प्रे हा वाईट पर्याय ठरतो. धूळ आणि चिकट वंगण यांची पेस्ट तयार होते आणि ती दात घासत राहते. तिथे गिअर ऑइल कमी प्रमाणात घालून बाहेरचे नीट पुसणे, किंवा सीलबंद चेनला मेणाचा स्प्रे, हे बरे. कोकणात आणि गोव्यात नेमके उलटे. जून ते सप्टेंबर पाऊस तेल धुऊन नेतो आणि किनाऱ्याची खारी हवा गंज वाढवते, तेव्हा पाण्याला दाद न देणारा चिकट स्प्रे तिथे उपयोगी पडतो. गिअर ऑइल वापरायचे तर मोठ्या भिजण्यानंतर दरवेळी. पावसात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीची चेन कोरडी सोडू नये.

तेल घालण्याआधी चेन पुसलेली हवी. साध्या चेनला रॉकेल किंवा डिझेल आणि मऊ ब्रश चालतो. सीलबंद चेनला रॉकेल किंवा तिच्यासाठीचा क्लीनर वापरावा. पेट्रोलने रबर फुगते आणि कडक होते. तारेचा ब्रश रिंगा कापतो. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा थेट चेनवर मारू देऊ नये, आणि धुतल्यावर चेन सुकवून तेल घातल्याखेरीज गाडी पळवू नये.

गाडीवरून फेरफटका मारून आल्यावर, चेन कोमट असताना तेल घालावे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हाताने मागे फिरवत, चेनच्या खालच्या धावेच्या आतल्या बाजूने, आतल्या व बाहेरच्या प्लेटांच्या फटीत थेंब सोडावेत. आत पडलेले तेल चेन फिरताना बाहेरच्या दिशेने, म्हणजे सांध्यातून, ओढले जाते. वरच्या बाजूने ओतलेले तेल मात्र सरळ बाहेर फेकले जाते. गिअर टाकून इंजिनावर चाक फिरवत हे काम कधीही करू नये. फडके दातांत अडकले की बोट त्याच्यामागे जाते, आणि असे अपघात खरोखर घडतात. थोड्या वेळाने जास्तीचे तेल फडक्याने पुसून घ्यावे. टायरवर थेंब गेला तर साबणाने धुवावा. गाडीच्या मॅन्युअलात वेगळे दिले नसेल तर साधारण ५०० किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजल्यावर, एवढे पुरते. महागडा स्प्रे दोन हजार किलोमीटरनी मारण्यापेक्षा स्वस्त गिअर ऑइल पाचशेला घातलेले केव्हाही चांगले.

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडत असेल, तर तेलाने आता काही होणार नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलावीत, कारण झिजलेले दात नव्या चेनलाही लवकर खातात. नव्या चेनवरचे चिकट ग्रीस घाण समजून रॉकेलने धुऊन टाकले जाते, तसे करू नये. साध्या चेनच्या सांध्यांत ते कारखान्यातच उतरवलेले असते आणि पुढे बाहेरून घातलेले कोणतेही तेल तितके आत पोहोचत नाही. फक्त प्लेटांवरचा जास्तीचा थर कोरड्या फडक्याने पुसावा.