घसा बसलाय? मग जरा गप्प बसा

एप्रिल आला की घाटकोपरच्या रमाबाई नगरपासून मुलुंड-बोरिवलीच्या वस्त्यांपर्यंत गायनपार्ट्यांना उसंत नसते. १४ तारखेची जयंती महिनाभर चालते. पाचव्या-सहाव्या कार्यक्रमाला कोरसमधली एखादी ताई हमखास विचारते, "सिस्टर, घसा बसलाय, काय घेऊ?"

घ्यायचं काही नाही, ताई. दोन-तीन दिवस गायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण येतो. बाईचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आदळतात. सुजलेले असताना गात राहिलं, तर हाताला घट्टे पडतात तशा त्यांच्यावर गाठी येतात. खडीसाखर, ज्येष्ठमधाने तोंडाला ओलावा येतो, पण ते स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचलं तर ठसकाच लागेल! पाणी मात्र दिवसभर घोट घोट प्या.

आमचा खरा राग स्पीकरवर. ढोलकी-बेंजोत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून गायक ओरडतो. माइकवाल्याला सांगून एक स्पीकर गायकाकडे वळवून घ्या. रात्री बाराला जेवून लगेच आडवंही होऊ नका, आम्ल घशाशी येतं.

आणि तंबाखू, बिडी, मिसरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. आवाज तीन आठवडे घोगरा राहिला, तर राजावाडी किंवा कूपरला कान-नाक-घसा विभागाचा केसपेपर काढा. दुर्बिणीने स्वरतंतू पाहतात, काही मिनिटांचं काम. टीबी असो वा कर्करोग, लवकर कळलं तर बरं होण्याची आशा मोठी.

आमच्या ओळखीचा एक गायक "जयंती होऊ दे" म्हणत जूनपर्यंत थांबला. गाठ स्वरयंत्रातच निघाली. आता तो ढोलकी वाजवतो, गात नाही.